चौसष्ट घरांची संख्या

बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या पंडिताची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. राजा प्रसन्न होऊन म्हणाला, हवे ते मागा. पंडित म्हणाला, महाराज, पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे घरागणिक दुप्पट करीत चौसष्टावे घर भरा. एवढे धान्य मला पुरे. राजाला मागणे क्षुल्लक वाटले. मग कोठीवरच्या कारकुनांनी हिशेब मांडला आणि सारा दरबार अवाक झाला. गोष्ट इथे संपते. मुलांना ती फार आवडते, कारण तिच्यात राजा फसतो.

मला मात्र राजाच्या फजितीपेक्षा त्या हिशेबाच्या शेवटी आलेल्या संख्येची ओढ अधिक आहे. ती संख्या अशी:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

या वीस अंकी संख्येचा इतिहास सांगण्यासाठी हा लेख आहे. तो भारतात, मध्य आशियात, इजिप्तमध्ये, फ्रान्समध्ये, रशियात आणि जर्मनीत घडला. त्यात आपले काय आणि आपले नसलेले काय, हेही जाता जाता निवडून ठेवायचे आहे. आपण सीमाभागातली माणसे. गाव कोणाचे, पाटी कोणत्या भाषेत, अमुक संत आमचा की तुमचा, हे वाद आपल्या कानांना सवयीचे आहेत. एखाद्या संख्येवर असा हक्क सांगता येतो का, आणि येत असेल तर कशाच्या बळावर, हे पाहणे म्हणूनच आपल्याला अधिक उपयोगाचे आहे.

संख्या वाचायची कशी?

आपण मराठीत ‘चौसष्ट’ म्हणतो तेव्हा चार आधी येतात आणि साठ मागून. आपला कन्नड शेजारी ‘अरवत्तनाल्कु’ म्हणतो तेव्हा साठ आधी, चार नंतर. दोन्ही भाषा कानावर पडणारी आपली मुले पहिली-दुसरीत इथे अडखळतात आणि ६४ च्या जागी ४६ लिहितात, हे प्राथमिकच्या गुरुजींना सांगायला नको. पण एकदा पाटीवर ६४ लिहिले की भांडण मिटते. एकं, दहं, शतं ही स्थाने ठरलेली; त्यात भाषेला लुडबूड करता येत नाही. ही स्थानिक किमतीची पद्धत आणि तिच्यातले शून्य भारताने जगाला दिले, ही गोष्ट निर्विवाद आहे.

वीस अंकांची संख्या लिहिली, पण वाचायची कशी? कोटीच्या पुढे अब्ज, खर्व, निखर्व म्हणता म्हणता आपली गाडी अडते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या नावांनी आपली संख्या वाचायची तर ती होते: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधि, ४ शंकु, ४ महापद्म, शून्य निखर्व, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, शून्य कोटी, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत आणि पंधरा. नावांची शिडी जिथे संपते, त्याच्याही वर १८४ पट ही संख्या उभी आहे. आणि ती निर्माण करायला लागले काय? एक दाणा आणि त्रेसष्ट वेळा दुप्पट करणे.

अर्ध्या पटापर्यंत

राजा मूर्ख नव्हता, हे दाण्यांचा हिशेब नीट मांडला की ध्यानात येते. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन साधारण चाळीस ग्रॅम धरू. अकराव्या घरात १,०२४ दाणे येतात. म्हणजे मूठभर गहू. पहिली वीस घरे मिळून १०,४८,५७५ दाणे, म्हणजे सुमारे बेचाळीस किलो. अर्धे पोतेही नाही. बत्तीस घरे, म्हणजे निम्मा पट भरला की एकूण ४,२९,४९,६७,२९५ दाणे होतात. त्यांचे वजन सुमारे १७२ टन. दहा टनी मालट्रक धरले तर सतरा-अठरा ट्रक. कोणत्याही संपन्न राजाच्या कोठाराला हे सहज पेलणारे होते. निम्मे काम झाले आणि ट्रक अठरासुद्धा लागले नाहीत; राजा हसला यात नवल ते काय?

घात होतो तो पुढच्या निम्म्यात. कोणत्याही घरातले दाणे आधीच्या सगळ्या घरांच्या बेरजेपेक्षा एकाने जास्त असतात: १, २, ४ यांची बेरीज ७ आणि पुढच्या घरात ८. त्यामुळे तेहेतिसाव्या घरात एकट्यातच पहिल्या निम्म्या पटाहून एक दाणा अधिक पडतो, आणि अजून एकतीस घरे शिल्लक असतात. सगळा पट भरायला सुमारे ७३,८०० कोटी टन गहू लागेल. आज साऱ्या जगात वर्षाकाठी साधारण ८० कोटी टन गहू पिकतो. त्यातला एक दाणाही न खाता नऊशेहून अधिक वर्षे साठवला, तरच पंडिताचे देणे फिटेल.

सावकारी व्याजाने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या भागात पूर्वी कमी नव्हती. चक्रवाढीची पहिली काही वर्षे अशीच मूठभर दाण्यांची असतात. दुप्पट होत जाणाऱ्या गोष्टीचा स्वभाव उशिरा उघड होतो, हा या संख्येचा पहिला धडा.

गोष्ट कुठली, हिशेब कुणाचा?

ही गोष्ट भारतातल्या राजाची म्हणून जगभर सांगितली जाते. पंडिताचे नाव सिस्सा, बापाचे नाव दाहिर, राजाचे नाव शिहराम. ही नावे वाचूनच लक्षात येईल की गोष्ट आपल्यापर्यंत अरबी ग्रंथांतून आली आहे. तिचे जुने लेखी पुरावे तिकडचे आहेत. बुद्धिबळ मात्र भारतातून इराणमार्गे अरबांकडे गेले हे बहुतेक इतिहासकार मानतात. तेव्हा खेळाच्या जन्माची गोष्ट सांगताना त्यांनी भारतीय राजा निवडला हे साहजिकच होते.

ख्वारिझमचा थोर विद्वान अल् बिरूनी याने इसवी सन १००० च्या सुमारास लिहिलेल्या कालगणनेवरील ग्रंथात ही बेरीज अचूक काढून दाखविली आहे. त्याने चौसष्ट वेळा दुप्पट करण्याचा खटाटोप केला नाही. त्याची युक्ती पाहा. पाचव्या घरात १६ दाणे. १६ चा वर्ग २५६. ते नवव्या घरात येतात. २५६ चा वर्ग ६५,५३६. ते सतराव्या घरात. त्याचा वर्ग तेहेतिसाव्या घरात. पुन्हा एक वर्ग केला की पासष्टाव्या, म्हणजे पटाबाहेरच्या पहिल्या घरात येऊन पोचतो. त्यातून एक वजा केला की साऱ्या पटाची बेरीज हातात!

वर्ग करीत मोठ्या घातापर्यंत उडी मारण्याची ही रीत भारतात त्याच्याही कितीतरी आधी ठाऊक होती. पिंगलाचार्यांच्या छंदःशास्त्रात, लघु आणि गुरू अक्षरांचे एकूण किती प्रकार होतात हे मोजण्यासाठी, अक्षरांची संख्या सम असेल तर निम्मी करून वर्ग करायचा आणि विषम असेल तर एक कमी करून दुप्पट करायची, असा नियम सूत्ररूपाने दिला आहे. हा ग्रंथ इसवी सनापूर्वीचा मानला जातो. चौसष्ट अक्षरांचा चरण घेतला तर पिंगलांच्या रीतीने एकदा दुप्पट आणि सहा वेळा वर्ग एवढ्यात काम भागते. एक कवितेची मात्रा मोजत होता, दुसरा धान्याचा दाणा, संख्या तीच.

आणि ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, या दाण्यांचे जवळचे भावंडही सापडते. एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे वचन दिले. तर महिनाभरात त्याने किती निष्क दिले, असे ते उदाहरण आहे. उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क, या त्या काळच्या कोष्टकाने ते होतात १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. तुम्ही कागदावर भागाकार करून पाहा, एक कवडीही चुकत नाही.

भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जलविड असे सांगितले आहे. ते गाव नेमके कोणते याविषयी विद्वानांत एकमत नाही. कोणी विजापूर म्हणतात, कोणी खानदेशात चाळीसगावजवळ पाटण्याकडे बोट दाखवतात. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. म्हणजे सीमावाद इथेही आहेच! पण कवड्यांचा हिशेब विजापुरात केला काय अन् पाटण्यात केला काय, सहा कवड्याच उरतात.

या भागातला मला सर्वांत आवडणारा माणूस मात्र गणिती नाही. तेराव्या शतकातला अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान याने ही गोष्ट लिहून ठेवताना मोकळेपणाने सांगितले आहे की आरंभी त्याचा तिच्यावर विश्वास बसत नव्हता. पुढे अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनिसाने त्याला कागदावर गणित करून दाखविले. सोळाव्या घरातले ३२,७६८ दाणे म्हणजे एक माप धरले. त्या मापांवरून मोठी मापे, त्यांवरून कोठारे, कोठारांवरून एक शहर; आणि चौसष्टाव्या घरात अशी १६,३८४ शहरे धान्याने भरली. तेव्हा कुठे त्याचे समाधान झाले. ऐकलेल्या गोष्टीवर शंका घेतली, जाणत्याला विचारले, हिशेब पाहिला आणि मग लिहिले. इतिहास लिहिणाऱ्याने आणखी काय करायचे असते?

पोटातल्या सात संख्या

आता संख्येच्या अंतरंगाकडे वळू. आठवीच्या पुस्तकातले वर्गांच्या फरकाचे सूत्र इथे उपयोगी पडते. आपली संख्या म्हणजे २ चा ६४ वा घात वजा १. तिचे दोन अवयव पडतात: २ चा ३२ वा घात अधिक १, आणि २ चा ३२ वा घात वजा १. दुसऱ्याचे पुन्हा तसेच दोन. असे कांद्याचे पापुद्रे काढीत गेले की शेवटी हाती उरतात:

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

या प्रत्येक संख्येतून एक वजा केला की २, ४, १६, २५६ अशी मघाचीच वर्गांची माळ दिसते. दरवर्षी नववीच्या वर्गात मी फळ्यावर पहिल्या पाच संख्या लिहितो आणि विचारतो, या मूळ आहेत का? मुले भागून पाहतात. ३, ५, १७ लगेच. २५७ ला थोडा वेळ. ६५,५३७ ला मी सांगतो म्हणून मानतात. मग विचारतो, सहावी? सगळा वर्ग एका सुरात सांगतो, “मूळच असणार, सर!”

हसू नका. हेच उत्तर पिएर द फर्मा याने दिले होते. फ्रान्समधल्या तुलूझ शहरी न्यायसभेत अधिकारी असलेला हा माणूस फावल्या वेळात गणित करी आणि तरीही त्या शतकातल्या श्रेष्ठ गणितज्ञांत त्याची गणना होते. १६४० साली त्याने पत्रातून लिहिले की या माळेतली प्रत्येक संख्या मूळ असते असे आपल्याला वाटते. सिद्धता आपल्याजवळ नाही हेही त्याने सांगितले. पण नाव फर्माचे! पाच उदाहरणे बरोबर आलेली. सहावीला कोण हात लावणार? ही समजूत ब्याण्णव वर्षे टिकली.

१७२९ साली गोल्डबाख या गणितज्ञाने रशियात सेंट पीटर्सबर्गला असलेल्या तरुण ऑयलरला पत्रातून विचारले, फर्माचे हे म्हणणे तुम्हाला ठाऊक आहे का? १७३२ साली, वयाच्या पंचविशीत, ऑयलरने उत्तर जाहीर केले: सहावी संख्या मूळ नाही. तिला ६४१ ने भाग जातो.

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

त्याने ६४१ कसा शोधला? सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसला असता तर शंभराहून अधिक भागाकार करावे लागले असते. ऑयलरने पुढे दाखवून दिले की या संख्येला भाग गेलाच तर तो भाजक ६४ च्या पटीत एक मिळवून येणाराच असला पाहिजे. पाहा, इथेही ६४! अशा संख्या ६५, १२९, १९३, २५७ अशा पुढे जातात. त्यांतल्या मूळ तेवढ्या घेतल्या तर १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१. म्हणजे केवळ पाच भागाकार. फर्मासारख्या माणसाला हे अशक्य नव्हते. त्याने केले असते तर चूक त्यालाच सापडली असती.

६४१ ने भाग का जातो याची एक सुंदर सिद्धता शाळेतल्या बीजगणितात बसते, म्हणून देतो. ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६. आणि ६२५ हा ५ चा चौथा घात आहे. तसेच ६४१ म्हणजे ६४० अधिक १; आणि ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. आता २ चा ३२ वा घात म्हणजे १६ गुणिले २ चा २८ वा घात. त्या १६ च्या जागी ‘६४१ वजा ६२५’ लिहा. ६२५ गुणिले २ चा २८ वा घात हा नेमका ६४० चा चौथा घात होतो. तेव्हा फर्माची संख्या म्हणजे ६४१ गुणिले २ चा २८ वा घात, त्यातून ६४० चा चौथा घात वजा १ एवढे कमी केलेले. पहिल्या पदात ६४१ उघडच आहे. दुसऱ्या पदाला, वर्गांच्या फरकाचे सूत्र दोनदा वापरले की, ६४० अधिक १ ने, म्हणजे ६४१ ने भाग जातो. दोन्हींना जातो म्हणून वजाबाकीलाही जातो. संपले.

असे आपल्या संख्येचे सात मूळ अवयव झाले: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. सगळे वेगवेगळे, एकही दुसऱ्यांदा आलेला नाही. त्यामुळे तिला भाग जाणाऱ्या संख्या एकूण १२८, म्हणजे पटाच्या घरांच्या बरोबर दुप्पट. फर्माच्या माळेत पुढे काय झाले? सहाव्या संख्येनंतर आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. लागोपाठ अठ्ठावीस संख्या विभाज्य ठरल्या आहेत. त्यापुढची, म्हणजे चौतिसावी, संगणकाच्या युगातही निकालात निघालेली नाही. मूळ संख्या संपल्या असे सिद्ध मात्र कोणी केलेले नाही. फर्माच्या चुकीवरून धडा घेतलेले गणितज्ञ आता अठ्ठावीस उदाहरणांवरूनही निष्कर्ष काढीत नाहीत.

निम्मा पट आणि कंपास

मघाशी निम्म्या पटाची बेरीज पाहिली: ४,२९,४९,६७,२९५. तिचे अवयव पाडले तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७, एवढेच. म्हणजे फर्माच्या माळेतल्या ज्ञात मूळ संख्या सगळ्या आणि केवळ त्याच. त्यांचा गुणाकार म्हणजे निम्म्या पटावरचे दाणे.

याला भूमितीत एक अनपेक्षित अर्थ आहे. १७९६ च्या मार्चमध्ये, वयाची एकोणीस वर्षेही पुरी झाली नसताना, जर्मनीतल्या गाउसने सिद्ध केले की केवळ पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते. ग्रीकांच्या काळापासून दोन हजार वर्षे कोणाला हे सुचले नव्हते. १८०१ च्या ग्रंथात त्याने नियमच दिला: फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार, हवा तर २ च्या घाताने गुणलेला, इतक्या बाजू असतील तर आकृती काढता येते. इतर कोणतीही येत नाही, हे १८३७ साली वांत्सेलने सिद्ध केले. म्हणजे विषम बाजूंच्या ज्या आकृत्या पट्टी-कंपासने काढता येतात हे आज ठाऊक आहे, त्यांतल्या सर्वांत मोठीच्या बाजू बरोबर निम्म्या पटाच्या दाण्यांइतक्या! ६५,५३७ बाजूंच्या आकृतीची रीत लिहून काढण्यात हेर्मेस नावाच्या गणितज्ञाने दहा वर्षे घालविली. त्याचे १८९४ चे बाड गटिंगेन विद्यापीठात जतन केलेले आहे.

काशीचे देऊळ

आता जे मला मुद्दाम सांगायचे आहे ते. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या कार्यक्रमात एका पाहुण्यांनी भारतीय गणिताच्या गौरवाचे भाषण केले. त्यात त्यांनी सांगितले की काशीच्या एका प्राचीन देवळात हिऱ्याच्या तीन सुया उभ्या आहेत. सृष्टीच्या आरंभी ब्रह्मदेवाने एका सुईवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या, मोठी खाली आणि लहान वर, अशा रचल्या. पुजारी रात्रंदिवस एकेक चकती हलवीत आहेत. लहानीवर मोठी कधी ठेवायची नाही. सगळ्या चकत्या दुसऱ्या सुईवर गेल्या की जगाचा अंत होईल. टाळ्यांचा कडकडाट झाला. कार्यक्रमानंतर सातवीतला एक मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, “सर, आमचे आजोबा काशीला जाऊन आले. त्यांनी सगळी देवळे सांगितली, हे नाही सांगितले.”

त्या मुलाला मी जे सांगितले तेच इथे सांगतो. असे देऊळ काशीत नाही. हे कोडे एद्वार ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ साली लाकडी खेळणे म्हणून बाजारात आणले. त्याला आठ चकत्या होत्या. कर्त्याचे नाव ‘सयामचे एन. क्लाउस’ असे छापले होते; ती ल्यूकाच्या स्वतःच्या नावागावाची अक्षरे उलटसुलट करून केलेली गंमत होती. काशीच्या देवळाची गोष्ट पुढच्याच वर्षी आंरी द पार्व्हिल या फ्रेंच लेखकाने रंगवून छापली. पूर्वेकडचे काही गूढ सांगितले की युरोपात त्या काळी माल खपत असे.

गणित मात्र खरे आहे. एक चकती हलवायला एक चाल. दोनला तीन, तीनला सात, चारला पंधरा. दर वेळी आधीच्या दुप्पट अधिक एक. चौसष्ट चकत्यांना लागणाऱ्या चाली म्हणजे आपलीच १८४ परार्धांची संख्या. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८,४०० कोटी वर्षे. विज्ञान आज विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे सांगते. पुराणांच्या मोजणीत ब्रह्मदेवाचे एक अहोरात्र ८६४ कोटी वर्षांचे. त्या हिशेबाने पुजाऱ्यांचे काम ब्रह्मदेवाच्या अडुसष्ट दिवसांत, म्हणजे त्याच्या दोन महिन्यांहून थोड्या अधिक काळात आटपते. त्याचे आयुष्य शंभर वर्षांचे. तेव्हा ती गोष्ट आपल्या पुराणांशीही जुळत नाही; पुराण जाणणाऱ्याने ती रचली असती तर चकत्या जास्त ठेवल्या असत्या.

याच ल्यूकाने ऑयलरच्या भाजकांचा नियम १८७८ साली अधिक धारदार केला: भाजक ६४ च्या नव्हे, १२८ च्या पटीत एक मिळवून येतो. त्यामुळे १९३, ४४९, ५७७ गळतात आणि २५७ नंतर दुसराच भागाकार ६४१ चा. दाण्यांची संख्या आणि देवळातल्या चालींची संख्या एकच आहे, आणि तिच्या पोटातल्या भाजकाची वाट सोपी करणारा माणूसही देवळाच्या कोड्याचाच कर्ता!

खोट्या देवळाच्या गौरवाने आपले काही वाढत नाही; उलट पिंगल आणि भास्कराचार्य यांच्याकडून टाळ्या हिरावून घेऊन आपण त्या एका फ्रेंच खेळण्याला देतो. जे खरोखर आपले आहे ते पुष्कळ आहे: स्थानांची किंमत, परार्धापर्यंतची नावे, वर्ग करीत उडी घेण्याची रीत, कवड्यांचा चोख हिशेब. त्यातला प्रत्येक दाणा मोजून घेता येतो. अल् बिरूनीने मोजला म्हणून तो हिशेब त्याचाही झाला, ऑयलरने भागून पाहिले म्हणून त्याचाही झाला. संख्येवर हक्क सांगायचा एवढाच मार्ग मला दिसतो, आणि तो मराठी मुलाला, कन्नड मुलाला सारखाच मोकळा आहे.

आज आपल्या टेबलावरचा किंवा खिशातला ६४ बिटांचा संगणक एका दमात जी सर्वांत मोठी पूर्ण संख्या धरू शकतो ती हीच, सलग चौसष्ट वेळा लिहिलेला एक. त्याला विचाराल तर तो तिचे सातही अवयव क्षणात सांगेल. तरीही दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या नववी-दहावीच्या मुलांना एक कागद द्या आणि ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने हाताने भागायला सांगा. सात-आठ ओळींचे काम आहे. शेवटी बाकी शून्य आली की ब्याण्णव वर्षे कोणी न केलेला भागाकार त्यांनी केलेला असेल.